नवी वनस्पती सापडली? आधी शीट, मग नाव

पावसाळा सरला की माझ्याकडे दोन-चार हस्तलिखितं तपासायला येतात. विषय एकच: सह्याद्रीत सापडलेली नवी प्रजाती. नाव ठरलेलं असतं, ते कुणाच्या सन्मानार्थ हेही ठरलेलं असतं. होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा एकमेव मूळ नमुना, कुठे ठेवलाय असं विचारलं की उत्तर येतं, "सर, फोटो भरपूर आहेत." बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत.

नाव ही या कामातल्या आठ टप्प्यांतली पाचवी पायरी आहे. नाव ज्या वाळवलेल्या रोपाला कायमचं बांधलं जातं, ते रोप (त्यालाच टाइप म्हणतात) नियमाप्रमाणे गोळा झालेलं नसेल तर पुढचं सगळं कोसळतं. नियम आहेत शैवाल, बुरशी आणि वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत. सध्या लागू असलेली आवृत्ती माद्रिदच्या 2024 च्या परिषदेनंतरची, 2025 मध्ये छापलेली. ती जाडजूड आहे, पण नव्या प्रजातीपुरती लागणारी कलमं मोजकीच. इथे उदाहरणाला कंदीलपुष्पं, म्हणजे सेरोपेजिया हा प्रजातींनी गजबजलेला वंश घेतला आहे, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ यांच्याच बाबतीत होतो.

(शास्त्रीय नावं प्रत्यक्षात रोमन लिपीतच छापावी लागतात. इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहितोय, त्यावरून स्पेलिंग काढू नका.)

## टप्पा 1: डोंगरावर जायच्या आधी

परवानगी आधी. राखीव वनातून रोप उचलायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांपर्यंत जातो आणि त्याला वेळ लागतो. ऑगस्टमध्ये फुलणाऱ्या रोपासाठी जुलैत अर्ज केलात तर पुढच्या वर्षाच्या ऑगस्टची वाट बघा. हल्ली बरीच नियतकालिकं परवानगीचा क्रमांक मागतात.

पिशवीत काय हवं: रोपं दाबायचा प्रेस, रद्दी (गुळगुळीत कागदाची नको, वर्तमानपत्राची), फील्ड बुक, शिसपेन्सिल, झाकणाच्या बाटल्यांत 70 टक्के अल्कोहोल, डीएनएसाठी सिलिका जेलच्या पुड्या, मोजपट्टी आणि उंचीसकट स्थान नोंदवणारं जीपीएस. शिसपेन्सिलच का, हे पावसात एकदा पेनाची शाई उतरली की कळतं.

## टप्पा 2: गोळा करणं. एक वेळ, एक जागा, एक क्रमांक

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते, म्हणून इथे जरा थांबूया.

नव्या प्रजातीच्या नावाचा टाइप एकाच संकलनातला असावा लागतो. संकलन म्हणजे एकाच व्यक्तीने किंवा गटाने, एकाच वेळी, एकाच ठिकाणी गोळा केलेली एकाच प्रजातीची सामग्री. कंदीलपुष्पाला फूल येतं ऐन पावसाळ्यात, आणि शिंगासारख्या जोडशेंगा धरतात त्यानंतर काही आठवड्यांनी. विद्यार्थी काय करतो? ऑगस्टमध्ये फुलाची फांदी आणतो, नंतर पुन्हा जाऊन त्याच वेलीच्या शेंगा आणतो, आणि शीट, म्हणजे रोप चिकटवायचा जाड कागद, भरगच्च दिसावी म्हणून दोन्ही एकाच शीटवर चिकटवतो. शीट सुंदर दिसते. पण ती आता दोन संकलनांची झाली, आणि ती होलोटाइप म्हणून दिली तर नाव वैध ठरत नाही. वेल तीच होती हा बचाव चालत नाही. तारीख वेगळी म्हणजे संकलन वेगळं.

म्हणून प्रत्येक फेरीला नवा क्रमांक. ऑगस्टचा 214 असेल तर शेंगांचा 231. वर्णनात शेंगांची मापं जरूर द्या, फक्त ती 231 वरून घेतली हे लिहा आणि 231 ला पॅराटाइप, म्हणजे लेखात नोंदवलेला जोडीचा नमुना, म्हणून दाखवा.

फील्ड बुकात त्याच जागी उभं राहून लिहायचं: फुलाचा रंग आतून-बाहेरून, वास, चीक, वेल की उभं रोप, मुरमाड सडा की कातळाच्या भेगा, बाजूला कोणती झुडपं, आसपास साधारण किती रोपं. वाळल्यावर जांभळा तपकिरी होतो आणि पिवळा मातकट.

किती घ्यायचं? पाचच रोपं दिसत असतील तर कंद उपटू नका. फुलाची एक फांदी होलोटाइपला पुरते. कंदाचं वर्णन हवं असेल तर एका रोपाची माती बाजूला सारा, मोजा, फोटो घ्या आणि पुन्हा झाका. खरचुडीचे, म्हणजे याच कंदीलपुष्पांचे, कंद गुराखी पोरं खातात, रानडुकरं उकरतात. त्यात आपली भर कशाला.

कुंडीत वाढवलेली रोपं: कंद आणून घरी फुलवला आणि मग दाबला तर तेही चालतं, पण संकलनाची तारीख दाबल्याची असते, कंद आणल्याची नव्हे. लेबलवर "लागवडीतील रोपावरून, मूळ ठिकाण अमुक" असं स्वच्छ लिहा.

## टप्पा 3: शीट तयार करणं

दाबलेल्या रोपाची रद्दी पहिले चार-पाच दिवस रोज बदला. पावसाळी हवेत एक दिवस चुकला तर बुरशी धरते. निदान एक पान उलटं ठेवा, खालची लव दिसली पाहिजे.

सेरोपेजियाच्या फुलातला करोना, म्हणजे आतला छोटा मुकुट, दाबला की चपटा होऊन ओळखेनासा होतो. आणि प्रजाती वेगळी करायला नेमका तोच लागतो. म्हणून त्याच वेळी तोडलेली दोन-तीन फुलं अल्कोहोलमध्ये ठेवायचीच. बाटलीतलं फूल होलोटाइपचा भाग मानायचं असेल तर बाटलीवर तोच क्रमांक आणि "अमुक शीटचा भाग" अशी चिठ्ठी हवी. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, बाहेरची गळून पडते.

शीट साधारण 28 × 42 सेंमीची. आपल्या जुन्या हर्बेरियमांत, म्हणजे वाळवलेल्या रोपांच्या संग्रहालयांत, किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड सर्रास वापरलं गेलंय. ते जहाल विष आहे, जुन्या शीट हाताळताना हातमोजे घाला आणि मग त्याच हाताने डबा खाऊ नका. नव्या शीटसाठी डीप फ्रीझर बरा.

एकाच संकलनाच्या जमतील तितक्या प्रती करा. होलोटाइप एक, बाकीच्या आयसोटाइप, आणि त्या वेगवेगळ्या शहरांत पाठवा. 1943 च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं हर्बेरियम जळालं आणि असंख्य टाइप गेले. ज्यांच्या प्रती दुसरीकडे होत्या, त्यांचंच काम नंतर सोपं झालं.

पुढे जाण्याआधी पाहा: शीटवरचा क्रमांक, लेबलवरचा, बाटलीतला, फील्ड बुकातला आणि फोटोच्या फाइलचा, पाचही एकच आहेत ना?

## टप्पा 4: खरंच नवी आहे का?

पुस्तकातल्या किल्लीत, म्हणजे लक्षणांवरून ओळख पटवायच्या तक्त्यात, बसत नाही म्हणजे नवी, असं नसतं. किल्ल्या जुन्या आहेत आणि मोजक्या नमुन्यांवर बेतलेल्या आहेत.

क्रम असा ठेवा. आधी त्या वंशाची भारतातली सगळी नावं काढा, सध्या समानार्थी मानलेली धरून. प्रत्येकाचं मूळ वर्णन वाचा. जुनी बरीचशी स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट मिळतात. मग टाइप बघा, निदान त्याची मोठी प्रतिमा. डालझेलसारख्या जुन्या अभ्यासकांचे कोकणातले नमुने लंडनच्या क्यू उद्यानाच्या हर्बेरियममध्ये आहेत, ब्लॅटर आणि मॅककॅन यांचे शोधायला मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमपासून सुरुवात करा, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्याचं केंद्र तर दाराशीच आहे. फक्त वर्णन वाचून आणि टाइप न बघता केलेली तुलना परीक्षक पहिल्या वाचनात पकडतो.

मग फरकाची शहानिशा. फुलाची नळी 3 सेंमीऐवजी 4 सेंमी हा फरक एकाच सड्यावर एकाच दिवशी दिसू शकतो. निदान दोन हंगाम, जमल्यास दोन जागा, आणि एकमेकांशी न बांधलेली दोन-तीन लक्षणं हवीत. नळी लांब आणि पाकळ्याही लांब, हे एकच लक्षण झालं. नळी लांब, करोनाची बाहेरची टोकं दुभंगलेली आणि देठावर लव, ही तीन.

वाटेत एखाद्या जुन्या नावाला टाइपच नेमलेला नाही असं आढळतं. मूळ लेखकाने वापरलेल्या सामग्रीतून आज एक निवडला तर तो लेक्टोटाइप, सामग्रीच उरली नसेल तर निओटाइप. 2001 पासून अशी निवड करताना तो शब्द आणि "इथे नेमला" अशा अर्थाची नोंद, दोन्ही लिहावीच लागतात. नुसतं "टाइप क्यूमध्ये पाहिला" म्हटल्याने निवड होत नाही.

## टप्पा 5: आता नाव

नाव दोन शब्दांचं, लॅटिनच्या व्याकरणात बसणारं. वंशाचं नाव जसंच्या तसं विशेषणात, म्हणजे नावाच्या दुसऱ्या शब्दात, यायला नको. नागाचं नाव नाजा नाजा असू शकतं, कारण प्राण्यांची संहिता वेगळी.

मोकळं आहे का ते आधी बघा. त्याच वंशात तेच विशेषण जगात कुठेही, कधीही वैधपणे वापरलं गेलं असेल तर तुमचं नाव उत्तरसमनाम म्हणून बेकायदा ठरतं. जुनं नाव आज कुणी वापरत नसलं तरीही. आपली शिंदळ माकुडी, शिवसुमन, म्हणजे डालझेलची फ्रेरिया इंडिका, कॅरालुमा वंशात नेली तेव्हा इंडिका हे विशेषण तिथे आधीच दुसऱ्या वनस्पतीकडे होतं. म्हणून ती झाली कॅरालुमा फ्रेराय. आंतरराष्ट्रीय वनस्पतिनाम सूचीत, म्हणजे आयपीएनआयमध्ये, शोध घ्या आणि जवळच्या वंशांतही घ्या. 2017 मध्ये काही अभ्यासकांनी ब्रॅकिस्टेल्मा आणि स्टॅपेलियाची अख्खी भावकी सेरोपेजियात ओढली. तिथे आधीच असलेलं विशेषण आज निवडलंत तर उद्या भांडण ठरलेलं.

लिंग जुळवा. सेरोपेजिया स्त्रीलिंगी, म्हणून अंजनेरीवरून अंजनेरिका आणि सह्याद्रीवरून सह्याद्रिका. एरिओकॉलॉन नपुंसकलिंगी, म्हणून रत्नागिरिकम आणि कोंकणेन्से. पाचगणीवरून सेरोपेजिया पंचगणिएन्सिस, पण कोंकणेन्से मात्र "न्से". विशेषण एका वंशातून दुसऱ्यात उचलून चिकटवलं की इथे पाय घसरतो.

व्यक्तीचं नाव असेल तर शेवट असा:

- आडनाव व्यंजनाने संपत असेल तर पुरुषासाठी शेवटी दोन आय: मॅककॅनवरून मॅककॅनिआय. आपले सगळे केळकर, तेंडुलकर यातच. बाईंसाठी शेवट "इए".
- "ईआर" अशा स्पेलिंगने संपत असेल तर एकच आय: ह्यूबरवरून ह्यूबेराय. आता गंमत बघा, "कर" हे काही जण एने लिहितात, काही ईने. एवाल्यांना दोन आय, ईवाल्यांना एक. त्या माणसाने स्वतः सही कशी केली ते विचारा.
- स्वराने संपत असेल तर पुरुषासाठी फक्त एक आय: महाबळ्यांवरून महाबळेइ, सांतापाव यांच्यावरून सांतापाउइ. बाईंसाठी "एई" जोडायचं. जोशींच्या स्पेलिंगमध्ये आय आधीच आहे, त्यामुळे पुरुषाला ते दोन झालेले दिसतात.
- "ए" या रोमन अक्षराने, म्हणजे "आ"ने संपत असेल तर बाई असो की बुवा, फक्त ई जोडायचा. सेरोपेजिया रोली ज्यांच्या नावाने आहे ते रोला शेषगिरी राव पुरुषच. क्लोरोफायटम भरुची या नावाचंही तेच.

शेवट चुकला तर नाव रद्द होत नाही, ते पुढे दुरुस्त करून वापरतात. पण दुरुस्ती करणारा तळटीपेत तुमचं नाव घेतो.

स्वतःचं नाव स्वतःच देऊ नये असं संहिता म्हणत नाही. ते आपल्याला कळायला हवं. आणि एखाद्या जनसमूहाला हिणवणारा शब्द टाळा. माद्रिदनंतर, 1 जानेवारी 2026 पासून अशी नवी नावं नाकारता येतात.

## टप्पा 6: होलोटाइप नेमणं आणि जमा करणं

सगळ्यात सुंदर शीट नव्हे, सगळ्यात बोलकी शीट निवडा. जिच्यावर वेगळेपणाची लक्षणं दिसतात ती.

नियम मोजून चार:

1. टाइप जपून ठेवलेला नमुना असतो. जिवंत रोप, कुंडी, बाग नाही.
2. 2007 पासून फुलझाडांच्या नव्या प्रजातीला चित्र किंवा फोटो टाइप म्हणून चालत नाही. फोटो भरपूर असणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.
3. 1990 पासून लेखात "होलोटाइप" किंवा "टाइप" हा शब्द असलाच पाहिजे.
4. 1990 पासूनच, तो ज्या एका हर्बेरियममध्ये आहे त्याचं नाव किंवा संक्षेप हवा. पुण्याच्या सर्वेक्षण केंद्राचा संक्षेप बीएसआय, आघारकर संस्थेचा एएचएमए, शिवाजी विद्यापीठाचा एसयूके, हावड्याच्या केंद्रीय संग्रहाचा सीएएल.

"होलोटाइप: बीएसआय आणि सीएएल" असं लिहिलं की गोंधळ झालाच. होलोटाइप एकाच घरी राहतो. "आमच्या विभागात ठेवला आहे" हेही नको. विभागातलं कपाट म्हणजे हर्बेरियम नव्हे. एका कॉलेजात रंगकामाच्या वेळी असं कपाट व्हरांड्यात काढलं होतं. पावसाने आत काय झालं ते मी स्वतः पाहिलंय.

लेख पाठवायच्या आधी शीट जमा करा, परिग्रहण क्रमांक, म्हणजे तिथल्या नोंदीचा क्रमांक, घ्या. "जमा करण्यात येणार आहे" या शब्दांवर विसंबून छापलेल्या किती शीट अजून वाटेत आहेत, देव जाणे.

## टप्पा 7: लेखात काय, कसं

वैधतेला लागतं: दर्जा स्पष्ट (नवी प्रजाती), लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन किंवा भेददर्शक विधान, आणि टाइप. 1935 ते 2011 लॅटिन सक्तीचं होतं, 2012 पासून इंग्रजीही चालतं. मराठीत कितीही रसाळ वर्णन केलंत तरी नाव वैध होत नाही.

भेददर्शक विधानात "वेगळी आहे" म्हणून भागत नाही. कशापासून आणि कशाने, ते हवं. नमुना असा: "अमुक प्रजातीसारखी, पण नळी तळाशी फुगीर (तिथे सरळ), करोनाची बाहेरची टोकं खोल दुभंगलेली (तिथे अखंड), फुलोऱ्याचा देठ लवदार (तिथे गुळगुळीत)." कंसातली तुलना टाइपवरून केलेली असावी.

टाइपची ओळ: देश, राज्य, जिल्हा, ठिकाण, उंची, तारीख, संग्राहक आणि क्रमांक, मग होलोटाइप कुठे, आयसोटाइप कुठे. स्वतः पाहिलेल्या शीटच्या संक्षेपापुढे उद्गारचिन्ह. न पाहता ते टाकू नका. जीपीएसचे शेवटचे आकडे छापायचे की नाही, यावर विचार करा. कंद विकणारे लोकही लेख वाचतात. नेमके आकडे शीटच्या लेबलवर राहू द्या.

नावाचे कर्ते आणि लेखाचे कर्ते सारखेच असायला हवेत असं नाही. वेगळे असतील तर लेखात तसं लिहा. गाडी चालवणाऱ्यापासून विभागप्रमुखापर्यंत सात जणांची नावं प्रजातीला जोडली की पुढची शंभर वर्षं लोक ती लिहीत बसतात.

थांबा: "तात्पुरतं हे नाव सुचवतो" किंवा "नवी असल्यास असं म्हणता येईल" असं लिहू नका. कर्त्यानेच पक्कं न स्वीकारलेलं नाव वैध नसतं. नम्रता आभारात दाखवा.

## टप्पा 8: प्रकाशन आणि नंतर

छापील नियतकालिक चालतं. 2012 पासून आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेलं ऑनलाइन पीडीएफही चालतं. रीडिया, नेलुम्बो, फायटोटॅक्सा, क्यू बुलेटिन यांपैकी कुठेही पाठवा. वर्तमानपत्र, व्हॉट्सॲप आणि परिषदेचं पोस्टर यांनी नाव प्रकाशित होत नाही. प्रबंधाचंही सहसा तेच. प्रबंधात नाव टाकलं, व्हायव्हा झाला आणि लेख राहिला, अशी अनाथ नावं आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पडून आहेत. आणि लेख येण्याआधी पत्रकाराला नाव सांगू नका. "कोल्हापूरच्या तरुणांनी शोधली" ही बातमी दोन महिने थांबू शकते.

बुरशीच्या नव्या नावाला 2013 पासून नोंदणी क्रमांक सक्तीचा आहे. वनस्पतींना तसं नाही. तरी छापून आल्यावर काही आठवड्यांनी आयपीएनआयमध्ये नाव, वर्ष, पान आणि टाइप बरोबर चढलंय का ते बघा, नसेल तर त्यांना पीडीएफ पाठवा. शिवाय जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 39 नुसार शोधणाऱ्याने नव्या प्रजातीची माहिती नेमलेल्या भांडारसंस्थेला कळवून नमुना जमा करायचा असतो. हे बहुतेक जण विसरतात.

छापलेल्या लेखात चूक सापडली, समजा हर्बेरियमचं नावच राहिलं, तर ते नाव आपोआप वैध होत नाही. राहिलेली गोष्ट देऊन पुन्हा प्रकाशित करावं लागतं आणि नावाची तारीख त्या दिवसापासून धरतात. मधल्या काळात दुसऱ्या कुणी तीच वनस्पती वेगळ्या नावाने नीट छापली, तर ते नाव राहतं.

शेवटी एक फेरी हर्बेरियमला. शीटवर "होलोटाइप" ही चिठ्ठी, प्रजातीचं नाव, लेखाचा संदर्भ आणि तारीख स्वतः लावून या. टाइपच्या शीट वेगळ्या, बहुधा लाल किनारीच्या फोल्डरमध्ये, वेगळ्या कपाटात ठेवतात. चिठ्ठी नसेल तर तुमची शीट इतर सेरोपेजियांच्या गठ्ठ्यातच राहते, आणि वीस वर्षांनी शोधायला आलेला माणूस "होलोटाइप सापडला नाही" असं लिहून मोकळा होतो.